२१.१ किमी, तीन तासांच्या आत: प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट, रविवार

नोंदणी झाली. हाफ मॅरेथॉन, २१ डिसेंबर. कट-ऑफ, म्हणजे पोचायची शेवटची मुदत, ३ तास. तोही शर्यत सुटल्याच्या क्षणापासून मोजणार. मी सुरुवातीची रेघ कधी ओलांडली याच्याशी आयोजकांना देणंघेणं नाही. तीन तास झाले की रस्ता वाहतुकीला मोकळा.

प्रकल्पाची व्याख्या: २१.०९७५ किलोमीटर, तीन तासांच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल अशा अवस्थेत. वजन कमी करणं, फोटोत बरं दिसणं, कुणाच्या पुढे जाणं हे सगळं कक्षेबाहेर.

(आकडा असा अर्धवट का, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचा मार्ग ४२.१९५ किमी भरला होता. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं तोच आकडा कायम केला. आपण त्याचं निम्मं पळतो, दशांश चिन्हासकट.)

भागाकार करून ठेवला. १८० मिनिटं भागिले २१.१, म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं ३२ सेकंद. मी भरभर चालले तर किलोमीटरला साडेदहा-अकरा मिनिटं लागतात. नुसतं चालून भागत नाही, पण उर फुटेस्तोवर पळायचीही गरज नाही. मधली दोन-अडीच मिनिटं कमवायची, एवढंच काम. कागदावर तरी.

सद्यस्थिती: वय ४४, रोजचं चालणं पाऊण तास, पळण्याचा अनुभव सुटत्या बसमागे धावण्याइतका. रक्तदाब आणि ईसीजी करून घेतला, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

१ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं अर्धा तास. सुरुवातीला वाटलं, हे फारच सोपं आहे. निम्म्यानंतर नजर सारखी घड्याळाकडे.

भाचा सोबत होता. तो गेली काही वर्षं पळतो, आणि पळता पळता आरामात फोनवर बोलतो, ते मला बघवत नाही.

"मावशी, एकोणीसचा पाढा म्हण."

एकोणीस दुणे अडतीसला आवाज ठीक होता. त्रिकला तुटला, चोकला नुसती धाप.

"वेग जास्त आहे. प्रत्येक ओळ न तुटता म्हणता आली पाहिजे."

"अरे, याहून हळू म्हणजे चालणंच की."

"मग चालायचं. तुला तीन तास चालू राहायचंय, तीन मिनिटं नाही."

यामागचं कारण सरळ आहे. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की श्वास एकदम वाढतो आणि दोन श्वासांत अख्खं वाक्य मावत नाही. त्या मर्यादेच्या खाली शरीर मुख्यतः ऑक्सिजनच्या भरवशावर चालतं आणि तासन्‌तास चालू शकतं. वर गेलं की काही मिनिटांत पाय जड. पाढा म्हणजे ही मर्यादा मोजायचं फुकटचं यंत्र.

१७ ऑगस्ट, रविवार

मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांवर जास्त विसंबायचं नाही, असं ठरवलं.

२२० वजा वय या प्रसिद्ध सूत्रानं माझी कमाल नाडी १७६ येते. २००१ मध्ये सुचवलेल्या २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्रानं १७७. चाळिशीच्या आसपास दोन्ही सूत्रं एकाच ठिकाणी येतात, त्यामुळे त्यांच्यातला वाद माझ्या कामाचा नाही. खरी अडचण अशी की एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो आणि सूत्राला ते कळत नाही.

दुसरी गंमत आज पाहिली. घड्याळ नाडी १६२ दाखवत होतं आणि मी तर मजेत होते. पावलं मोजली, तर तीही मिनिटाला १६२. घड्याळाचा प्रकाश-संवेदक हाताच्या हेलकाव्यांना ठोके समजून बसला होता. पट्टा एक भोक घट्ट करून मनगटाच्या हाडापासून थोडा वर सरकवला, तेव्हा आकडा १४० च्या घरात आला. तरीही पाढाच बरा.

३१ ऑगस्ट, रविवार

दम सुधारलाय. २ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं आता जड जात नाही. आणि नेमकी आत्ताच उजवी नडगी दुखायला लागली.

दुखणं आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार-पाच बोटांपासून सुरू होऊन वर जाणारं. सुरुवातीला ठणका, पाय गरम झाले की कमी, थांबल्यावर परत. फिजिओथेरपिस्टनी मला स्वतःलाच तपासायला लावलं. अंगठ्यानं हाडाची कड वरपासून खालपर्यंत दाबत यायचं. चांगल्या वीतभर पट्ट्यात कमीजास्त दुखलं, तर बहुधा शिन स्प्लिंट्स: हाड आणि त्याला चिकटलेल्या पडद्यावर आलेला ताण. पण नाण्याएवढ्या एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं, रात्री झोपेतही ठणकलं किंवा त्या पायावर एक उडी मारताना कळ आली, तर पळणं त्याच दिवशी बंद. ते हाडाला बारीक तडा जाण्याचं लक्षण असू शकतं. माझं दुखणं पट्ट्यातलं निघालं. उडीही मारता आली.

त्यांनी जे समजावलं ते या प्रकल्पाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नव्यानं पळायला लागलं की रक्तातला द्रवभाग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतो आणि दम सुधारल्यासारखा वाटतो. स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा काही आठवड्यांत वाढते. स्नायूबंधांना काही महिने लागतात. हाडाचं तर उलटंच: ताण पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. मधल्या काळात ते पहिल्यापेक्षा किंचित कच्चं असतं. म्हणजे फुफ्फुसं "चल पुढे" म्हणायला लागतात, तो काळ नडगीसाठी सगळ्यात नाजूक. पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार पडतो आणि तो नेमका तिच्यावर येतो.

उपाय: या आठवड्यात पळणं नाही, सायकल. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, एकदा गुडघे ताठ, एकदा वाकवून. नंतर पळणं एक दिवसाआडच.

४ सप्टेंबर, गुरुवार

बूट. जुने चालायचे बूट पळायलाही चालतील का, हा प्रश्न निकालात. नवे घेतले, नेहमीपेक्षा अर्ध्या मापानं मोठे. लांब पळताना पाय सुजतात, त्यामुळे उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी मोकळी हवी. दुकानात दुपारनंतर जायचं, तेव्हा पाय दिवसभराचे फुगलेले असतात.

बुटात सगळ्यात वर, जरा मागे, एक जादा भोक असतं. ते कशाला असतं हे आज कळलं. नाडी त्याच बाजूच्या भोकात बाहेरून आत घालून छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवायची आणि मग खाली ओढून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही, आणि पंजाकडे नाड्या सैल ठेवता येतात. पाच मिनिटांचं काम, पण उतारावर बोटं पुढे आपटायची थांबली.

२१ सप्टेंबर, रविवार

५.५ किमी, न थांबता नाही, पण न दुखता. हे माझ्या दृष्टीनं जास्त मोलाचं.

पावलांवर लक्ष दिलं. मिनिटाला १८० पावलं असा एक आकडा सगळीकडे फिरतो. त्याचं मूळ १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी केलेल्या निरीक्षणात आहे, आणि ते जगातले अव्वल धावपटू होते, शर्यतीच्या वेगात. माझ्या वेगाला तो आकडा लावायचं कारण नाही. पण आहे त्यात पाच टक्के वाढवले की पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे मात्र पटलं. १६० च्या जागी १६८. पळण्याचा आवाजच बदलतो; धप्‌ धप्‌ कमी होऊन टक टक येतं. नडगी गप्प आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

पळाले नाही. रात्रभर खोकला. भाच्याचा निरोप: "एक लाँग रन गेला तर काही बिघडत नाही, तापात पळालीस तर बिघडेल." बरं.

१२ ऑक्टोबर, रविवार

१० किमी! १ तास २३ मिनिटं.

आता मुख्य निर्णय: शर्यत सलग पळायची की पळणं-चालणं आलटून पालटून. पहिल्या गोष्टीत मान आहे, दुसरीत हिशेब. म्हणून हिशेबच मांडला.

४ मिनिटं पळणं (किमीला ७:३०) आणि १ मिनिट भरभर चालणं (किमीला ११:००). चार मिनिटांत ५३३ मीटर, एका मिनिटात ९१ मीटर. पाच मिनिटांत ६२४ मीटर. सरासरी किमीला ८ मिनिटं. २१.१ किमीला २ तास ४९ मिनिटं. तीन तासांतून अकरा मिनिटं शिल्लक.

चालण्याच्या मिनिटात रेंगाळले, म्हणजे किमीला १२:०० लागले, तर एकूण वेळ फक्त दोन मिनिटांनी वाढते. उलट पळण्याच्या भागात वेग ७:३० वरून ८:१५ झाला, तर जवळजवळ चौदा मिनिटं जातात आणि कट-ऑफ हातचा सुटतो. म्हणजे चालल्यानं वेळ जात नाही, थकल्यानं जातो. चालायचं ते पुढची चार मिनिटं ७:३० नं पळता यावीत म्हणून.

ही काही माझी शोधाशोध नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे हीच पद्धत नवशिक्यांना शिकवत आले. त्यांचा मुख्य मुद्दा असा की दमल्यावर चालण्याला अर्थ नाही. पहिल्या किलोमीटरपासून, अजिबात गरज वाटत नसताना चालायचं. हे करणं फार अवघड आहे. बाजूनं लोक पुढे जात असतात, अंगात रग असते, आणि आपण घड्याळाचा टिंग ऐकून चालायला लागायचं.

२६ ऑक्टोबर, रविवार

१२ किमी. हवा दमट, घाम अंगावरच. तोच वेग, पण पाढा पंचेलाच अडखळला. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, रक्ताला त्वचेकडेही जावं लागतं आणि पायांकडेही. अशा दिवशी वेग सोडायचा आणि पाढा धरायचा.

घामाचं मोजमाप केलं. पळण्याआधी वजन ६२.४ किलो, तासाभरानंतर अंग पुसून ६१.७. मध्ये २०० मिली पाणी प्यायलेलं. म्हणजे तासाला साधारण ९०० मिली घाम. तेवढंच पाणी परत प्यायचं का? नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. पळताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले होते, त्यांना धोका सर्वांत जास्त. त्यातही हळू पळणारे पुढे, कारण त्यांच्या वाट्याला पाण्याची टेबलं आणि वेळ दोन्ही भरपूर. मी त्याच जमातीतली. तेव्हा नियम: तहान लागली की प्यायचं, टेबल दिसलं म्हणून नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

१४ किमी. आज जेलची (पळताना खायची गोड, घट्ट पेस्ट) चाचणी.

पळायला ढोबळमानानं किलोला, किलोमीटरला १ किलोकॅलरी लागते. ६२ गुणिले २१.१, म्हणजे १३०० च्या आसपास. यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेलं ग्लायकोजन दीड-दोन हजारांचं असतं आणि काही वाटा चरबी उचलते. हिशेबानं टाकी रिकामी व्हायला नको. पण जवळपास तीन तास चालायचं तर तासाला ३० ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात जावीत, असा सल्ला आहे. एका जेलमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम असतात.

पहिलं जेल पाचव्या किलोमीटरला, चालण्याच्या मिनिटात, दोन घोट पाण्यासोबत. चिकट, अति गोड, बोटांना लागतं ते निघत नाही. दुसरं दहाव्याला. पोटानं कुरकुर केली नाही. हेच दोन स्वाद, याच वेळा, शर्यतीतही.

दुसरी नोंद जरा खाजगी, पण कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. दहा किमीपर्यंत न खुपणारी शिवण चौदाला रक्त काढते. काखेत, मांड्यांच्या आत, आतल्या कपड्याच्या पट्ट्याखाली. अंघोळीचं पाणी पडलं तेव्हा जे कळलं ते कळलं. यापुढे लांब पळण्याआधी या सगळ्या जागी व्हॅसलीनचा जाड थर.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम कमी केलं, ८ किमी. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये हा नियम सगळेच सांगतात. मात्र नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर झालेल्या एका अभ्यासात (२००८) हळू वाढवणारा गट आणि भराभर वाढवणारा गट, दोन्हींत दर पाचांत साधारण एकाला दुखापत झाली. तेव्हा टक्केवारीपेक्षा मी सकाळी उठल्यावर नडगीवर अंगठा फिरवते, ते जास्त खरं. आज काही लागलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

१८ किमी, २ तास २५ मिनिटं. शर्यतीआधीचं हे सगळ्यात लांब अंतर.

पूर्ण २१ आधी एकदा करून बघावं असं फार वाटत होतं. भाचा नको म्हणाला. शेवटच्या तीन किलोमीटरमधून तयारी फार वाढत नाही, थकवा मात्र खूप, आणि भरून यायला जास्त दिवस लागतात. "ते तीन तुला गर्दी पळवते. आणि मावशी, एमिल झाटोपेक १९५२ ला हेलसिंकीत आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळाला आणि सुवर्णपदक घेऊन आला." मी म्हटलं, त्याच ऑलिंपिकमध्ये त्यानं आधी पाच हजार आणि दहा हजार मीटरही जिंकले होते, ते का गाळतोस?

पंधरानंतर पाय भरून आले. दम ठीक, पाढा ठीक, मांड्या लाकडासारख्या. घरी जिने चढताना काही नाही. उतरताना मात्र कठडा. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना जास्त इजा होते, म्हणून दुखतं तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त.

७ डिसेंबर, रविवार

टेपर सुरू. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर, वेग मात्र तोच. पाय आळसावू नयेत पण ताजे व्हावेत.

या दिवसांबद्दल कुणी इशारा देत नाही. पळणं कमी झालं की माणूस स्वतःचं अंग ऐकत बसतो. मंगळवारी डावा गुडघा, बुधवारी टाच, गुरुवारी घशात खवखव. शनिवारी सगळं गायब.

१४ डिसेंबर, रविवार

मार्गाचा नकाशा आला. आजचं काम: अकरा मिनिटांची शिल्लक कुठे कुठे गळणार ते शोधणं.

पहिली गळती सुरुवातीच्या रेघेवर. मी मागच्या रांगेत असणार. रेघ गाठायला चार-पाच मिनिटं. चिपची वेळ (धावकाच्या अंगावरची चिप मोजते ती) मी रेघ ओलांडल्यावर सुरू होते, कट-ऑफचं घड्याळ मात्र शर्यत सुटल्यावरच.

दुसरी गळती मोजणीतली. अधिकृत मार्ग घड्याळानं मोजत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावतात, आधी फितीनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर त्याचं प्रमाण ठरवतात, आणि मग वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, शक्य त्या सर्वांत आखूड रेषेनं सायकल चालवतात. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर जास्त धरतात. त्या आदर्श रेषेवरून गर्दीत कुणीच पळू शकत नाही. माझं घड्याळ शेवटी २१.३ च्या पुढे दाखवणार, आणि त्यातला पेस (किलोमीटरला लागणारी वेळ) मला खोटा दिलासा देणार. दोन मिनिटं इथे. म्हणून शर्यतीत घड्याळाचा पेस बघायचा नाही, रस्त्यावरची किलोमीटरची पाटी बघायची. आणि वळण आलं की आतली कड धरायची.

तिसरी गळती पाण्याच्या टेबलांवर. थांबून प्यायलं तर दर टेबलाला अर्धं मिनिट, एकूण तीनेक मिनिटं. ही वाचवता येते: टेबल दिसलं की चालण्याचं मिनिट तिथे खर्चायचं, मग टिंग कधीही वाजो.

उरलं काय, तर चार-पाच मिनिटं. स्वच्छतागृहाच्या रांगेला यात जागा नाही. ते काम सुरुवातीआधी.

२० डिसेंबर, शनिवार

बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावक क्रमांक, आणला. मागे चिप चिकटवलेली आहे, ती दुमडायची नाही. चार पिनांनी टी-शर्टला आज रात्रीच लावून ठेवला, छातीच्या खाली, म्हणजे हात लागत नाही. मोजे, बूट, टी-शर्ट, जेल, सगळं १८ किमीला होतं तेच. सोबत मिळालेला नवा कोरा टी-शर्ट कपाटात.

झोप येणार नाही. एका रात्रीच्या जागरणानं फार बिघडत नाही म्हणतात, आदल्या दोन-तीन रात्रींची झोप महत्त्वाची. ती झालेली आहे.

२१ डिसेंबर, रविवार

दुपार. पाय खुर्चीवर ठेवून लिहितेय.

रांगेत उभं असताना सगळे उड्या मारत होते, मी नाही मारल्या. सुटल्यावर ४ मिनिटं २५ सेकंदांनी रेघेवरची चटई पायाखाली आली आणि बीप झाला. पहिला किलोमीटर गर्दीच ढकलते. चौथ्या मिनिटाला टिंग वाजला, मी उजव्या कडेला जाऊन हात वर केला (मागच्यांना कळावं म्हणून) आणि चालायला लागले. एक गृहस्थ जाताना म्हणाले, "अहो ताई, आत्ताच दमलात?" त्यांना काय सांगणार, हे ऑक्टोबरमध्येच ठरलंय.

५ किमी: ३९:२०. जेल. १० किमी: १:१९:१०. जेल. पाणी तीन टेबलांना घेतलं, बाकीची सोडली. एकोणीसचा पाढा पूर्ण, एकदा तर वीसचाही.

बारा ते पंधरा हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. त्रास काहीच नव्हता, नुसता रस्ता. इथे पुढच्या माणसाच्या बुटाच्या टाचेकडे बघत राहिले. बाहेरची कड पार झिजलेली होती. १५ किमी: २:००:००, अगदी शून्य सेकंद. शेवटचं जेल इथे.

सोळाव्याच्या पाटीनंतर बुटात खडा. डाव्या पायात, चवड्याखाली, मसुराएवढा असावा. दोनशे मीटर तसंच पळून पाहिलं. पाऊल आपोआप बाहेरच्या कडेवर पडायला लागलं आणि गुडघ्यात ओढ जाणवली. शिल्लक आठवली: चार-पाच मिनिटं. एक मिनिट खड्याला दिलं. दुभाजकाच्या कठड्यावर बसले, नाडी सोडली, बूट झटकला, फास पुन्हा ओवला. बोटं घामानं ओली, नाडी भोकात जाईना. उठताना मांड्यांनी जो निषेध नोंदवला तो अठरा किमीच्या दिवसापेक्षा मोठा होता.

त्यानंतर चारास एक हे प्रमाण काही टिकलं नाही. तीनास एक केलं. अठराला पाढा सकच्या पुढे जाईना, म्हणून तो सोडला आणि फक्त पाट्या बघितल्या. सकाळचे ते गृहस्थ एकोणिसाव्याला दिसले, कमरेवर हात ठेवून चालत होते. "चला, थोडंच राहिलं," म्हटलं. ते हसले आणि माझ्यासोबत चारेकशे मीटर पळाले, मग पुन्हा चालायला लागले.

२० किमी: २:४२:२०. शेवटच्या किलोमीटरला टिंग वाजला तेव्हा चालले नाही. वेग वाढवला असं वाटत होतं. आकडे सांगतात की तो किमीला ८:२८ होता.

चिपची वेळ २:५१:३८. शर्यत सुटल्यापासून २:५६:०३. शिल्लक ३ मिनिटं ५७ सेकंद.

थांबल्यावर लगेच बसले नाही, दहा मिनिटं हिंडत राहिले. एकदम थांबलं की पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्या उरत नाहीत आणि भोवळ येते; रेघेपलीकडे दोघांना तशी आलेली पाहिली. पदक जड आहे. भाचा तासाभरापूर्वीच पोचला होता, केळं सोलून हातात दिलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

काल कामावर गेले. व्याख्येतली तिसरी अट पूर्ण. लिफ्टनं गेले, हे व्याख्येत नव्हतं.

आजचं दुखणं कालच्यापेक्षा जास्त, अपेक्षेप्रमाणे. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख काळंनिळं. दुखत नाही, म्हणून हात लावायचा नाही. काही महिन्यांत खालून नवं येईल. नडगीवर अंगठा फिरवला, कुठेही काही नाही.

घड्याळाची नोंद उतरवून घेतली. त्याच्या मते मी २१.३८ किमी पळाले, सरासरी किमीला ८:०२. अधिकृत सरासरी ८:०८. २८० मीटरची तफावत, म्हणजे वळणांवर आतली कड धरणं अर्धंमुर्धंच जमलं. अंदाजात दोन मिनिटं धरली होती, गेली सव्वादोन. सुरुवातीच्या रेघेचा अंदाज बरोबर. पाण्याच्या टेबलांवर काहीच गेलं नाही. खडा एक मिनिट दहा सेकंद. चारास एकचं तीनास एक केल्यानं आणि मंदावल्यानं मिळून दीडेक मिनिट. चिपच्या वेळेत कागदावरच्या २:४९ पेक्षा एकूण २ मिनिटं ३८ सेकंद जास्त. वळणं, खडा आणि मंदावणं हे तिन्ही तुकडे जोडले तर तफावत पाच मिनिटांची निघते. मग मधली सव्वादोन-अडीच मिनिटं कुठून वाचली? पहिले दहा किलोमीटर ठरलेल्यापेक्षा ५० सेकंद लवकर, ती तिथून. बाकीची बहुधा चालण्याच्या मिनिटांतून. घड्याळात पाहिलं तर ती मिनिटं मी किमीला साडेनऊ-दहानं चाललेय. भाच्याला दाखवलं. "मावशी, याला चालणं म्हणत नाहीत," म्हणाला.

बुटांवर अंतर लिहून ठेवलंय, साडेतीनशे किमीच्या आसपास झालंय. पाचशेपर्यंत तरी चालतील. पुढचे दोन आठवडे पळणं नाही, फक्त चालणं आणि टाचा वर-खाली.